गुळाची सोंगटी

शिरूर,
रविवार, दि. १६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. साधना हिस,

सप्रेम सलाम.

हे पत्र हाताने लिहितो आहे, कारण दुसरा मार्ग उरलेला नाही. तुझ्या फोनवर माझा क्रमांक लागत नाही, हे मी गेल्या सहा वर्षांत अकरा वेळा तपासले आहे. बाराव्यांदा तपासणे मला प्रशस्त वाटत नाही.

आईला ऑक्टोबरात एक्क्याऐंशी पूर्ण झाली. प्रकृती वयाच्या मानाने ठीक म्हणावी अशी आहे. मात्र काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. उजव्याला उजेड तेवढा कळतो. हे तुला फोनवरून आईने सांगितले असेलच, तिचा फोन तू घेतेस. तिने सांगितले नसेल ते मी सांगतो. गेला महिनाभर ती रोज सकाळी एकच विचारते, "नाताळाला पट मांडायचा ना रं?"

सहा वर्षे आपल्या घरी पट मांडलेला नाही. २०१९ च्या नाताळात तू डाव अर्धवट टाकून उठलीस, तेव्हा तुझी शंकरपाळ्याची सोंगटी तुझ्या मुठीत राहिली. आई दुसरी सोंगटी चालवून घ्यायला तयार नाही. मी बाजारात तशाच मापाचा लाकडी चौकोन करून घेतला होता. तिने तो बोटांत फिरवला आणि म्हणाली, "ह्याला अण्णांचा हात न्हाई," आणि परत दिला.

तेव्हा माझी विनंती अशी. गुरुवार, दि. २५ डिसेंबर रोजी सकाळची उपासना आणि जेवण झाल्यावर, दुपारी तीन वाजता, पट मांडण्यात येईल. तू सोंगटी घेऊन यावे. तुझ्या यजमानांनी, संपतरावांनीही यावे. त्या दिवशीच्या वादाबाबत माझे म्हणणे पूर्वी होते तेच आहे. संपतराव नाताळाला आपल्या घरी दोन वेळा आले होते, तीन वेळा नव्हे, आणि आईच्या नियमाप्रमाणे दोन वेळा आलेला माणूस पाहुणाच असतो. परंतु एका खेळातील गणतीवरून सहा वर्षांचा अबोला धरावा, हे मला प्रमाणाबाहेर वाटते.

तुझी वहिनी अनारशांचे तांदूळ पुढील आठवड्यात भिजत घालणार आहे. किती करायचे ते ठरवण्यासाठी तुझे उत्तर वेळेत यावे.

तुझा,
दादा (शांतवन)


शिरूर,
रविवार, दि. ३० नोव्हेंबर २०२५

चि. साधना,

सलाम.

तुझे उत्तर नाही. पत्र पोचले नसेल असे समजून हे दुसरे पाठवतो.

आज आगमनकाळाचा पहिला रविवार. उपासनेनंतर आईने पाळकसाहेबांना थांबवून सांगितले, "यंदा माझ्याकडं डाव हाय, दुपारी या. गूळ काढून ठिवते." पाळकसाहेब नवे आहेत. त्यांना काही उमगले नाही. त्यांनी "हो आजी" म्हणून माझ्याकडे पाहिले. मग मला रस्त्यात उभे राहून त्यांना सारा खेळ समजावून द्यावा लागला. समजावताना लक्षात आले की हे मी कोणाला प्रथमच सांगतो आहे. आपल्याला कोणी सांगितलेच नव्हते. आपण त्यातच वाढलो.

मी त्यांना सांगितले ते असे. आमची आई केडगावच्या मिशनमध्ये वाढली, तिथे शिवण शिकली. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात तिने मांजरपाटावर चौसष्ट घरे भरली आणि प्रत्येक घरात फराळाचा एक जिन्नस काढला. सोंगट्या आमच्या वडिलांनी, अण्णांनी, बाभळीच्या लाकडातून कोरल्या, ते सुतार होते. त्यांचा लाडू, आईची करंजी, माझी चकली, बहिणीचे शंकरपाळे. फाशांऐवजी सहा अर्धे चिंचोके. कढईच्या घरात पडले की खाली जायचे, झाऱ्याच्या घरात आले की वर निघायचे. करंजीच्या घरात आलात तर मनातली एक गोष्ट उजव्या हाताच्या माणसाच्या कानात सांगायची, कारण करंजीत सारण असते. आणि जो कोणी त्या दुपारी घरात असेल, मग तो दूधवाला का असेना, त्याला गुळाचा खडा सोंगटी म्हणून द्यायचा. पाहुण्याला आपण गूळ-पाणी देतो, तसे. त्याने किनारीवरच्या उंबऱ्यावरून सुरुवात करायची आणि डाव संपला की सोंगटी खाऊन टाकायची. तीन नाताळ आलेला माणूस मग पाहुणा राहत नाही. त्याला लाकडी सोंगटी मिळते, तो आतून खेळतो.

पाळकसाहेब म्हणाले, "फार छान. हे कुठे लिहून ठेवले आहे का?"

मी म्हणालो, आहे. अकरा पाने. मीच टंकलिखित केली आहेत.

तुझी वहिनी मागून येत होती. ती म्हणाली, "त्या अकरा पानांपायीच घरात माणूस उरलं नाही, पाळकसाहेब. यंदा फराळाला तीच तळणार आहे मी."

वहिनीचा स्वभाव तुला ठाऊक आहे. खरे सांगायचे तर अलीकडे उत्तर देण्याइतका जोम राहत नाही. रांजणगावच्या कारखान्यात सत्तावीस वर्षे मी इतरांसाठी कार्यपद्धती लिहितो आहे, कोणते यंत्र कोणी कोणत्या क्रमाने बंद करावे, कोणत्या कागदावर कोणाची सही असावी. माणसे सही करतात आणि आपल्याला हवे तसेच वागतात. पूर्वी मला याचा राग येत असे.

एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो. संपतराव मनाने साधे आहेत. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरे, आता ऊस आणि कांदा. लेखी नियमांची त्यांना सवय नाही. त्या दिवशी नेमके काय झाले हे त्यांना नीट उमगलेही नसेल. त्यांच्या मनात काही असेल असे मला वाटत नाही. जे आहे ते तुझ्या मनात आहे.

अनारशांचे तांदूळ भिजत घातले आहेत. अंदाजाने.

दादा


शिरूर,
रविवार, दि. ७ डिसेंबर २०२५

चि. साधना,

तू लिहीत नाहीस. मी लिहितो आहे, यास आता सवय म्हणावी लागेल.

या आठवड्यात पटाची काच काढली. तुला आठवत असेल, अण्णा गेले त्या वर्षी डाव झाला नाही, तेव्हाच मी पट प्लायवर ताणून, काच लावून, फ्रेम करून घेतला होता. कापड एक्कावन्न वर्षे जुने होते, विरत चालले होते. गुळाचे डाग पडत, त्यांना मुंग्या लागत. काचेवरूनही सोंगट्या व्यवस्थित चालतात, असे मी तेव्हा म्हणालो होतो आणि ते खरेच आहे. परंतु ज्याला दिसत नाही त्याच्या दृष्टीने काच म्हणजे फक्त काच.

आईनेच विषय काढला. मंगळवारी मी फ्रेम तिच्या मांडीवर ठेवली. तिने काचेवर हात फिरवला आणि म्हणाली, "हे काय दिलंस? खिडकी?"

"पट आहे, आई."

"पट असा गार नसतोय. काच काढ."

मी काढली. प्लाय आणि त्यावर खिळलेले कापड तसेच ठेवले. साधना, ती बोटांनी टाके वाचते. एकेक घर चाचपून नाव घेत गेली. "ही चकली. ही करंजी, हिची मुरड जरा मोठी झालीया. हा अनारसा, ह्याची खसखस अजून लागतीया हाताला." तुझी वहिनी स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली होती. गेल्या तीन-चार वर्षांत आई इतके सलग बोललेली नाही. तुझ्याशी फोनवर बोलत असेल. घरात ती फक्त विचारते. भाजीत मीठ घातलं का मी? देवळात उपासनेला जाऊन आलो का आपण? आज वार कोणता, दोनदा विचारला का मी? डॉक्टर म्हणतात, तपासण्यांत तसे काही दिसत नाही, वय आहे.

मग तिची बोटे कडेला आली आणि थांबली. तिने प्लायची कड दोन-तीनदा चाचपली.

"उंबरा कुठं गेला रं?"

मी तिला काहीतरी उत्तर दिले. ते येथे लिहिण्यासारखे नाही.

"असंल," ती म्हणाली. "मला आठवत न्हाई आता." आणि फ्रेम माझ्याकडे सरकवली.

तेव्हापासून तिने पट मागितलेला नाही. सकाळचा तो प्रश्नही थांबला आहे. मला बरे वाटायला हवे होते.

यंदा अंगणात नाताळाची चांदणी लावली नाही. उंचावर चढवत नाही.

दादा


शिरूर,
रविवार, दि. १४ डिसेंबर २०२५

साधना,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितो आहे. आधीच्या तीन मसुद्यांत वाक्ये चांगली होती.

पटाच्या चारही बाजूंना चार बोटांची किनार होती. फ्रेम करताना ती प्लायच्या मागे दुमडून खिळली. पहिल्या पत्रांत मी हे टाळले, कारण तुला ते माहीत आहे आणि त्याचा अर्थही तू केव्हाच लावला असशील. २०१९ साली तू म्हणालीस, "फ्रेम उघड, किनार बघू," तेव्हा मी म्हणालो होतो की कापड फाटेल. कापड फाटले नसते.

किनार म्हणजेच उंबरा. नाताळाला जो पाहुणा खेळून जाई, त्याच्यासाठी आई दुसऱ्या दिवशी किनारीवर एक खूण भरी. पोस्टमनसाठी पाकीट. म्हाळू दूधवाल्यासाठी लोटा. शेजारच्या हरिबांसाठी पागोटे, कारण ते खेळतानाही पागोटे काढत नसत. तीन खुणा झाल्या की माणूस घरातला. आईचा सगळा दस्तऐवज तो. माझी अकरा पाने त्याची नक्कल, आणि त्या नकलेत मी खुणांचे कलम घेतलेच नाही. मी लिहिले, "उपस्थितीची नोंद ठेवली जाईल." कोण ठेवील, ते लिहिले नाही.

बुधवारी कारखान्यातून लवकर येऊन मी खिळे काढले. बावीस होते. किनार उलगडली. आत गुळाचे डाग आहेत, तपकिरी, एकावर एक. धुऊन गेलेले नाहीत. दक्षिणेकडच्या बाजूला, कोपऱ्याजवळ, काळ्या दोऱ्यात मेंढ्या आहेत. एक, दोन, तीन. तिसरीचे टाके जरा वाकडे आहेत. ती केडगावच्या घरातल्या शेवटच्या नाताळातली, २०१७ ची. अण्णा तेव्हा खाटेवरून खेळले होते, आणि संपतरावांनी त्यांना चिंचोके उचलून दिले होते.

पण मला उलगडून मोजण्याची आवश्यकता नव्हती. फ्रेमवाल्याकडे देण्याच्या आदल्या दिवशी मी पट टेबलावर पसरून किनार वाचली होती. मला पाठ होते. २०१९ च्या नाताळाच्या दुपारी आईने अण्णांचा लाडू उचलून संपतरावांच्या हातावर ठेवला, "आता तू घरातला, हा घे," तेव्हा मला ठाऊक होते की तीन झाले आहेत. तरी मी म्हणालो, "दोन."

आई म्हणाली, "तीन झाले की रं."

आणि मी म्हणालो, "आई, तुला हल्ली आठवत नाही."

अण्णांची सोंगटी दुसऱ्याच्या हातात मला पाहवली नाही. हे कारण आहे. ते पुरेसे आहे असे मी म्हणत नाही. माझ्या मनात आणखी काही होते का, ते कोण, आपण कोण, असे काही, याचाही मी विचार केला. होते. थोडे होते. लेखी देतो.

त्या मंगळवारी, आईने उंबरा विचारला तेव्हा मी काय उत्तर दिले, तेही लिहितो. मी म्हणालो, "उंबरा कधी नव्हताच, आई. तुला तसे वाटते."

बुधवारी संध्याकाळी मी पट तिच्यापुढे मोकळा पसरला आणि तिचा हात धरून मेंढ्यांवर नेऊन ठेवला. तिने मोजल्या. पुन्हा मोजल्या. मी जे सांगायचे ते सांगितले, उभ्यानेच. तिने तिसऱ्या मेंढीवर बोट ठेवले. मग म्हणाली, "म्हंजी मी येडी न्हाई."

"नाही, आई."

"सहा वर्सं, शांतवन. सहा वर्सं मी मीठ चाखून बघतीया, घातलंय का न्हाई."

तुझी वहिनी आत निघून गेली. मी माफी मागितली. आई म्हणाली, "मला नगं सांगू. ज्याला दोन म्हनलास त्याला सांग."

म्हणून हे पत्र. सोंगटी आणण्याविषयी मी आता काही म्हणत नाही. हे संपतरावांना वाचून दाखवावेस, एवढेच.

शांतवन


शिरूर,
रविवार, दि. २१ डिसेंबर २०२५

श्री. संपतराव यांस,
मु. पो. कासुर्डी, ता. दौंड

सलाम.

आपण काल, शनिवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास मोटारसायकलने आलात आणि पाऊण तास थांबलात. त्या वेळी झालेले बोलणे मला आठवते तसे खाली लिहीत आहे. माझी सवय अशी की लिहिल्याशिवाय गोष्ट घडली असे वाटत नाही. ऐकण्यात चूक असल्यास दुरुस्त करावी.

आपण दारातच उभे राहिलात. मी आत या म्हणालो. आपण म्हणालात, "ऱ्हाऊ द्या दादा, हितं बरं हाय. उनाला."

मी विचारले, माझी पत्रे साधनाला मिळाली का?

आपण म्हणालात, "ती घेत न्हाई. पाकीट बगितलं की चुलीकडं निघती. मीच काढून घेतो आन् वाचतो. चारी वाचली."

पुढे आपण म्हणालात, "ते दुसऱ्यातलं, ‘नीट उमगलेही नसेल’, ते मी माज्या आयला वाचून दावलं. लई हसली. म्हनली, आरं, तुजा मेव्हना लई शिकलाय, त्याला वाटतंय शिकल्याबिगर दुखतच न्हाई."

मी म्हणालो, चौथे पत्र मी खरे लिहिले आहे.

आपण म्हणालात, "व्हय. पर त्यात नवं काय न्हवतं, दादा. तीन हायत ते मला ठावं हुतं. तिसरी भरली तवा तुमच्या आयनं हात धरून दावली हुती मला. म्हनल्या, बघ, कळप झाला तुजा."

मी विचारले, मग आपण त्या दिवशी का बोलला नाहीत? आपण तर लाडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "दादा म्हनत्यात तर दोनच असतील."

यावर आपण जे उत्तर दिलेत, ते मी काल संध्याकाळपासून कितीतरी वेळा मनात म्हणून पाहिले आहे. "तुमी लिवून ठेवनारी मानसं. तुमच्याच घरात, तुमच्या आईम्होरं, तुमाला खोटं पाडून मी बसू कुठं? सोंगटी गावली असती, जागा गावली नसती."

त्यानंतर आईने आतून हाक मारली. आपण आत गेलात, तिच्या पायाशी बसलात. तिने आपल्या डोक्यावर हात ठेवून विचारले, "सादना येती का?"

आपण म्हणालात, "न्हाई आय. ती म्हनती, त्या घरात पाय ठेवनार न्हाई."

मग निघताना, चप्पल घालता घालता, आपण माझ्याकडे न बघता म्हणालात, "ती येनार न्हाई दादा. पर सहा वर्सं तुमी नुसतं ‘या’च म्हनताय. तुमाला यायला कुनी आडवलंय व्हय?"

येथे इतिवृत्त संपले.

मी सत्तावीस वर्षे कार्यपद्धती लिहितो. त्यात पहिली ओळ नेहमी ही असते की कृती कोणी करावयाची. ती ओळ या प्रकरणात मी कायम साधनाच्या नावावर लिहीत आलो.

आपली परवानगी असल्यास गुरुवारी, २५ तारखेस, उपासना आटोपून मी आईला आणि साधनाच्या वहिनीला घेऊन न्हावरे-चौफुला मार्गे कासुर्डीस येईन. पट मोकळा आणीन, काच नाही. अण्णांचा लाडू आपला आहे, तो आपल्या हाती देईन. चकली मी आणणार नाही. आपल्या घरी नाताळात मी एकदाही आलेलो नाही, त्यामुळे मला उंबऱ्यावरून खेळावे लागेल आणि ते नियमास धरून आहे. गुळाचा खडा आपल्या घरचा असावा.

उत्तर न आल्यास परवानगी नाही असे समजेन. फोन केलात तरी चालेल. माझा क्रमांक आपल्याकडे लागत असावा.

आपला,
शांतवन


शिरूर,
रविवार, दि. २८ डिसेंबर २०२५

प्रिय साधना,

सलाम.

गुरुवारी तू माझ्याशी एक शब्दही बोलली नाहीस, म्हणून हे लिहितो. आई म्हणते, हे पाकीट तू स्वतः उघडशील. माझा तसा आग्रह नाही.

संपतरावांनी बुधवारी फोनवर या म्हटले, म्हणून आम्ही आलो. दार तू उघडलेस. आईला हात धरून आत नेलेस, वहिनीच्या गळ्यात पडलीस. मग परत आलीस ती स्टीलच्या ताटलीत पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन. कुठल्याही परक्याला देतात तशी ती ताटली तू माझ्यापुढे धरलीस. मी पाणी प्यालो. गूळ हातात ठेवला. तो माझी सोंगटी आहे की तू मला फक्त परका म्हणून देते आहेस, हे मला कळेना. तुझ्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही. मी छप्पन्न वर्षांचा आहे आणि तुमच्या ओसरीवर तो खडा धरून उभा होतो. तो हाताला चिकटू लागला होता.

संपतरावांनी आतून हाक मारली, "दादा, उंबरा ह्या बाजूला हाय, बसा हितं." तेव्हा कळले.

डावाची नोंद मी ठेवली नाही. आठवते तेवढे लिहितो. संपतरावांनी लाडू हातात घेतला तेव्हा मी पटाकडे पाहत राहिलो. काही झाले नाही. लाडू त्यांच्या हातात लाडवाएवढाच दिसला. तू कपाटातून पेढ्याचा जुना डबा काढलास, त्यातून शंकरपाळे काढले आणि ठेवताना इतक्या जोरात ठेवलेस की चिंचोके उडाले. आई म्हणाली, "आली गं बया. ह्याला अण्णांचा हात हाय."

मी दोनदा कढईत पडलो. तिसऱ्या खेपेस करंजीच्या घरात आलो. माझ्या उजव्या हाताला संपतरावांच्या आई होत्या. नियमाप्रमाणे मी धुरपदाबाईंच्या कानाशी वाकलो आणि मनातली गोष्ट हळू आवाजात सांगितली.

"आं?" त्या म्हणाल्या. "मोठ्यानं बोला की. ह्या कानानं येत न्हाई मला."

मी पुन्हा सांगितली.

"तीन? काय तीन? लेकरं?"

तुझी वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. संपतराव छताकडे बघत होते. मग मी तुमच्या सगळ्यांसमोर, ओसरीवरून रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "तीन मेंढ्या होत्या. मला माहीत होत्या. मी खोटे बोललो."

"आता आलं," धुरपदाबाई म्हणाल्या. "टाका चिंचोके."

त्याच वेळी तू उठून आत गेलीस. आम्ही थांबलो. भांड्यांचा आवाज नव्हता. तू परत आलीस तेव्हा तोंड धुतलेले होते. तू डाव पुढे चालवलास. मला एवढेच दिसले आणि एवढेच लिहितो. त्यावरून काही अनुमान काढत नाही.

धुरपदाबाई जिंकल्या. त्या गुळाने खेळत होत्या आणि त्यांनी सोंगटी डाव संपण्याआधीच अर्धी खाल्ली होती. असे माझ्या अकरा पानांत चालत नाही. माझा खडा उंबऱ्यापासून नऊ घरे पुढे गेला. खेळ संपल्यावर मी तो खाल्ला. कासुर्डीचा गूळ गोड आहे, किंचित खारट लागतो. खारटपणा हाताच्या घामाचाही असेल.

मग आईने सुई मागितली. दोरा तू ओवलास. तिने पट मांडीवर घेतला, बोटांनी किनार चाचपत मेंढ्यांपर्यंत आली, त्यांच्या शेजारी जागा शोधली आणि टाका घातला. दिसत नसताना तिने तो सरळ घातला. एक आडवी रेघ आणि तिच्यावर बारीक उभे टाके. मी विचारले, हे काय आहे?

"पट्टी," ती म्हणाली. "तुजी. मोजायची."

संपतराव हसले. तूही हसलीस असे वाटले, तू पाठमोरी होतीस.

"एक झाला," आई म्हणाली. "दोन नाताळ ऱ्हायले. मी हाय तंवर उरक."

परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली. घरी आल्यावर तिने भाजी केली, वहिनी नको म्हणत असताना. मीठ जास्त झाले होते. तिने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

मी थकलो आहे, साधना. पुष्कळ वर्षे बरोबर असण्याचा हा थकवा आहे आणि तो एका डावाने जाणार नाही, हे मला कळते. तू बोलावेस अशी अपेक्षा मी ठेवत नाही. पट तुमच्याकडेच ठेवला आहे, तो तिथेच असू दे. चकली माझ्या टेबलावर आहे.

पुढील नाताळ शुक्रवारी येतो, त्यापुढील शनिवारी. दोन्ही दिवशी दुपारी तीन वाजता मी तुमच्या दाराबाहेर उभा असेन. ताटली तूच आणावीस.

तुझा,
दादा